कार्यक्रमाचा प्रकार : इतर

माझ्या पुतणीच्या लग्नाचा अल्बम घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवला जातो आणि प्रत्येक पाहुणा एकाच पानावर अडतो. “नवरीच्या बाजूला हे कोण उभे आहेत?” ते मी. ओळखू येत नाही, कारण कॉलेजात शिकत होतो तेव्हापासून नाकाखाली मुक्कामाला असलेली माझी भरघोस मिशी त्या दिवशी जागेवर नव्हती. आता ती परत आली आहे, पण पहिल्यासारखी नाही. ती का गेली हे सांगायचं तर आधी माझ्या संशोधनाविषयी सांगावं लागेल, आणि मी संशोधनाविषयी बोलायला लागलो की माणसांना अचानक कामं आठवतात. या अंकाच्या संपादकांनी मात्र आपणहून ‘तुमच्या क्षेत्रातले अनुभव लिहा’ असं म्हटलं. भले गृहस्थ आहेत. माझं क्षेत्र कोणतं हे त्यांना ठाऊक नसावं.

नगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी डेटाबेस हा विषय शिकवला आणि त्याच्याही एका कोपऱ्यात, कॉन्करन्सी कंट्रोल नावाच्या, आयुष्यभर संशोधन केलं. नावाला घाबरू नका. गोष्ट एवढीच आहे की वस्तू एक, गिऱ्हाइकं दोन आणि दोघंही एकाच क्षणी दारात. समजा एसटीची एकच सीट उरली आहे. एका खिडकीवरचा कारकून बघतो, सीट रिकामी. शेजारच्या खिडकीवरचा बघतो, त्यालाही रिकामी. दोघंही तिकीट देऊन मोकळे होतात. पुढे गाडीत काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे, काहींनी त्यात भागही घेतला असेल. हे टाळायला आम्ही ठरवतो की सीटकडे जो आधी पाहील त्यानं तिला कुलूप लावावं, आपला व्यवहार पुरा करावा आणि मग कुलूप काढावं. तोवर दुसऱ्यानं थांबायचं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवर जगभरातली विद्वान माणसं कागदामागून कागद लिहीत असतात, आणि त्यांच्या मागून मी.

आई मिरजगावला माझ्या धाकट्या भावाकडे, आनंदकडे असते. तिला मी एकदा हे सगळं सावकाश समजावून सांगितलं होतं. तिनं त्यातला कुलूप हा एकच शब्द उचलला. तेव्हापासून कुणी विचारलं, “थोरला काय करतो?” की तिचं उत्तर ठरलेलं, “कालेजात कुलपं बनवतो.” तिच्या माहेरच्या एका नातेवाइकानं त्यावर विश्वास ठेवून मला फोन केला आणि गोडाऊनसाठी एखादं दणकट कुलूप सवलतीत मिळेल का म्हणून विचारलं. आता त्याला काय समजवायचं, म्हणून मी बाजारातून एक घेऊन त्याला पाठवून दिलं. माझ्या विद्वत्तेचा समाजाला थेट झालेला तो बहुधा पहिला उपयोग.

माझ्या पीएच.डी.चा विषय होता ‘फँटम’, म्हणजे भूत. भूत म्हणजे काय? कुलूप लावायचं तर वस्तू समोर हवी. सीट आहे, तिला कुलूप लागतं. पण जी वस्तू अजून जन्मलीच नाही, तिला कुलूप कसं लावणार? तुम्ही बघून घेता की खोलीत कुणी नाही, आणि तुमची पाठ वळताच कुणीतरी आत येऊन बसतं. तुम्ही तर बघितलं होतं, कुणी नव्हतं. हेच भूत. यावर मी जाडजूड प्रबंध लिहिला. तो माझ्या मार्गदर्शकांनी वाचला, परीक्षकांनी वाचला असं त्यांनी सांगितलं, आणि ग्रंथालयातल्या वाळवीनं मात्र मन लावून वाचला. एका परिषदेत मी तो मांडला तेव्हा शेवटचं सत्र होतं. समोर जो एकमेव श्रोता शेवटपर्यंत बसला होता तो एसी दुरुस्त करायला आलेला होता आणि मी थांबल्याशिवाय त्याला शिडी लावता येत नव्हती.

शिकवायला मात्र मला आवडायचं. कुलपांमधून निघणारं एक दुखणं म्हणजे डेडलॉक. ते मी वर्गात नाटक करून दाखवत असे. एका विद्यार्थ्याच्या हातात खडू द्यायचा, दुसऱ्याच्या हातात डस्टर. दोघांना सांगायचं की तुम्हाला दोन्ही वस्तू हव्यात आणि मिळेपर्यंत हातातली सोडायची नाही. मग दोघं एकमेकांकडे बघत उभे. वर्ग हसतो. मग मी विचारायचो, आता काय करायचं? आमच्या पुस्तकांत याचं उत्तर आहे की यंत्रानं एकाचा बळी द्यायचा. शब्द माझा नाही, पुस्तकातलाच आहे. ज्याचं काम मोडल्यानं सगळ्यांत कमी नुकसान होतं त्यानं हातातलं सोडायचं, मागं जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

एका वर्षी माझी पुतणी प्रज्ञा, आनंदची मुलगी, त्याच वर्गात होती. घरी मला ‘मोठे पप्पा’ म्हणणारी ही पोरगी वर्गात ‘सर’ म्हणताना ओठ दाबून हसायची. त्या दिवशी डस्टर तिच्या हातात होतं आणि खडू एका दांडगट मुलाच्या. दोघं खरोखरच हटून बसले. तास संपत आला तसा मी घाईनं म्हणालो, “प्रज्ञा, तू ठेव खाली. तू घरचीच आहेस.” तिनं ठेवलं. वर्ग पुन्हा हसला. मग मी फळ्याकडे वळून पुढचा मुद्दा सांगितला की या पद्धतीत एक खोट आहे. ज्याचा बळी स्वस्तात पडतो तो दर वेळी स्वस्तच असतो, म्हणून दर वेळी त्याचाच बळी जातो आणि त्याचं काम कधीच पुरं होत नाही. तेव्हा हा बिचारा आधी किती वेळा मागं सरला आहे तेही बघायला हवं. हे मी परीक्षेतही विचारत असे. बहुतेक मुलं हा प्रश्न सोडून देत.

निवृत्तीनंतर माणसाला आपण अजून उपयोगाचे आहोत हे कुणाला तरी दाखवायचं असतं. मला गिऱ्हाईक मिळालं ते धनंजयशेठ. सावेडीत आमच्या घराजवळ त्यांचं मंगल कार्यालय आहे. सकाळी फिरायला जाताना ओळख झाली. त्यांची अडचण अशी की कार्यालयावरचा फोन ते घेतात, घरचा फोन त्यांच्या पत्नी घेतात आणि कधीकधी दोघंही एकच तारीख दोघांना देऊन बसतात. हे ऐकून माझे कान टवकारले. आयुष्यभर ज्या आजारावर नुसते प्रबंध लिहिले त्याचा जिवंत रोगी समोर उभा होता. मी म्हटलं, “शेठ, मी तुम्हाला मोबाईलवर चालणारं बुकिंग करून देतो. फुकट. तुम्ही दोघांनी एकाच सेकंदाला बटन दाबलं तरी तारीख एकालाच मिळेल.”

“नक्की का सर?”

“एका दिवशी दोन लग्नं धडकली तर मिशी उतरवीन,” मी म्हणालो, आणि तिच्यावरून हात फिरवला.

शेठनी गरज सांगितली ती धंद्याच्या भाषेत. “सर, माझ्याकडं तारीख चालत नाही, मुहूर्त चालतो. मुहूर्त नसला की कार्यालयात नुसती कबुतरं असतात.” मी तसंच केलं. वर्षभराच्या पंचांगातले लग्नाचे मुहूर्त यंत्रात भरले. ‘लग्न’ हा पर्याय निवडला की मुहूर्त विचारायचा, आणि मुहूर्त निवडला की त्याला कुलूप. पक्कं कुलूप. वाढदिवस, निरोप समारंभ, गेट-टुगेदर वगैरेंसाठी खाली एक पर्याय ठेवला, ‘इतर कार्यक्रम’. त्यात यंत्र नुसतं बघायचं की त्या तारखेला आधीचं काही बुकिंग आहे का, आणि नसलं तर नोंद करायचं. तिथं कुलूप लावायला मला काही दिसलं नाही. वाढदिवसाला कोण भांडतंय, असं मी धरून चाललो.

आता वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, जी मी त्या वेळी घेतली नाही. आम्ही बौद्ध. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर माझ्या आजोबांनी घरातलं पंचांग बंद केलं. माझं लग्न, भावाचं लग्न, यांतलं एकही मुहूर्त बघून झालेलं नाही. सगळ्यांना सुट्टी असते म्हणून रविवार धरायचा, एवढंच आमचं ज्योतिष. आणि त्याच घरातल्या माणसानं, ज्याच्या नावामागे डॉक्टर लागतं, असं यंत्र बनवलं की ज्यात मुहूर्त नसेल तर लग्नच नाही.

प्रज्ञाचं लग्न ठरलं. ती पुण्यात नोकरी करत होती, मुलगा नगरचाच. आनंद म्हणाला, कार्यालय नगरला बघू या. मी छाती काढून म्हणालो, “शोधायचं कशाला? माझ्या माणसाचं कार्यालय आहे, माझं सॉफ्टवेअर आहे. गोंधळ होणं शक्य नाही.” आनंदनं शेठना फोन लावून रविवार पक्का केला. बुकिंगचा मेसेज त्याला आला, त्यानं तो मला पुढे पाठवला, आणि मी न वाचताच त्यावर अंगठा पाठवला.

लग्नाच्या आदल्या रविवारी आनंद, प्रज्ञा आणि मी आचाऱ्याशी बोलायला कार्यालयात गेलो. आचारी खुर्च्या मांडून बसला होता. समोर एक धोतर-टोपीतले गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी. आचाऱ्यानं आम्हाला बघितलं आणि म्हणाला, “या या, दुसरी पार्टी पण आली. आता एकदाच ठरवून टाका.” मला वाटलं, हे मुलाकडचे कोणी काका असतील. त्यांना वाटलं, मी त्यांच्या व्याह्यांकडचा. त्यांनी उठून नमस्कार केला. “मी रावसाहेब, सोनईचा.” मी म्हटलं, “वा, वा.” मग आम्ही दोघांनी एकमेकांचा मान राखत गोडाचा विषय काढला. ते जिलेबीच्या बाजूचे होते, मी गुलाबजामच्या. शेवटी ते म्हणाले, “तुमचा सबूद मोडत न्हाई. गुलाबजाम तर गुलाबजाम.” इतकं समजूतदार स्थळ मिळालं म्हणून मी आनंदकडे बघून मान डोलावली. आनंद गोंधळलेला दिसत होता.

मग रावसाहेबांनी प्रज्ञाकडे बघून विचारलं, “ही नवऱ्या मुलाची बहीन का?”

“ही नवरी,” आनंद म्हणाला.

“आमची नवरी घरी हाय,” रावसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या.

आचाऱ्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. त्यानं वहीवरचे गुलाबजाम खोडले.

शेठना बोलावलं. त्यांनी मोबाईल उघडला आणि तो माझ्या हातात दिला. एकाच रविवारी दोन ओळी होत्या. पहिली, लग्न, दुपारचा मुहूर्त, रावसाहेब. दुसरी, आनंद, मिरजगाव, कार्यक्रमाचा प्रकार : इतर. शेठच्या पत्नीनं घरून रावसाहेबांची नोंद केली होती, आणि अगदी त्याच वेळी शेठ कार्यालयातून आनंदची करत होते. ‘लग्न’ निवडलं की यंत्र मुहूर्त मागत होतं आणि आनंदकडे तो नव्हता, म्हणून शेठनी खालचा पर्याय दाबला. यंत्रानं बघितलं, दिवस मोकळा. तिकडे बाईंच्या यंत्रानंही बघितलं, दिवस मोकळा. बाईंनी मुहूर्ताला कुलूप लावलं, पण आनंदला मुहूर्ताशी काही देणंघेणंच नव्हतं. तो कुलपाच्या बाजूनं सरळ आत आला.

आता जे घडलं ते लिहायला संकोच वाटतो. दोन घरांची लग्नं मोडायची वेळ आलेली, पत्रिका वाटून झालेल्या, आणि मी खूश होऊन ओरडलो, “भूत! अहो, हे भूत आहे!” प्रबंध लिहिल्यापासून कागदाबाहेर ते मला पहिल्यांदाच दिसत होतं. रावसाहेबांच्या पत्नींनी पदर सावरला. रावसाहेब शेठना म्हणाले, “कार्यालयात भूत हाय, ह्ये आधी सांगायचं हुतं.”

“आधी बुकिंग कुणाचं?” शेठनी विचारलं. वेळा यंत्रात होत्या, पण त्या दोन मोबाईलच्या होत्या, आणि दोन घड्याळं सारखी चालत नाहीत यावरही आमच्या शास्त्रात ढीगभर लिखाण आहे. मी ते सांगायला लागलो. आनंद म्हणाला, “दादा, गप.”

रावसाहेब हळू आवाजात म्हणाले, “आमचे व्याही नेवाशाचे. लई कडक मानूस हाय. त्यांनी दुपारचा मुहूर्त धरलाय. आता हलवा म्हनलं तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागंल.” त्यांच्या पत्नींचे डोळे भरून आले होते. मग शेठनी आमच्याकडे पाहिलं. आचाऱ्यानंही पाहिलं. सगळ्यांच्या मनात एकच होतं, आणि ते तोंडाने बोलून दाखवणारा माणूस निघालो मी.

“आनंद,” मी म्हणालो, “आपल्याला मुहूर्ताचं बंधन नाही. आपण संध्याकाळी घेऊ. आपलं काही बिघडत नाही.” अगदी पुस्तकातलं उत्तर होतं. कमीत कमी नुकसान.

आनंद माझ्याकडे बघतच राहिला. तो बोलायला फार वेळ घेतो. “भंतेजी दुपारी बारानंतर जेवत न्हाईत,” तो शेवटी म्हणाला. “आन आईचं काय?”

तेव्हा मला आठवलं. भिक्खू दुपारनंतर अन्न घेत नाहीत. आमच्या लग्नांच्या वेळी भंतेजींना बोलावणं ऐपतीत नव्हतं, गावातल्याच कुणीतरी त्रिसरण-पंचशील म्हणून लग्न लावलं. आईनं तेव्हापासून मनात धरलं होतं की पहिल्या नातीच्या लग्नात भंतेजींना भोजनदान आपल्या हातानं करायचं. गुडघे धरलेले, तरी महिनाभर ती त्यासाठी स्वयंपाकघरात उभं राहण्याची तयारी करत होती. आमच्याही लग्नाला एक ठरलेली वेळ होती. फक्त ती पंचांगात नव्हती, आणि माझ्या यंत्रातही नव्हती.

“करू काहीतरी,” मी पुटपुटलो. “आदल्या दिवशी बोलवू त्यांना.”

“मोठे पप्पा,” प्रज्ञा म्हणाली. आवाज चढवला नव्हता. “वर्गात डस्टर मीच खाली ठेवलं होतं. आठवतंय?”

आठवत होतं.

“तू घरचीच आहेस म्हणालात, म्हणून ठेवलं. तुम्हीच नंतर शिकवलंत, ज्याचा बळी स्वस्त पडतो त्याचाच दर वेळी जातो, म्हणून आधी किती वेळा मागं सरला ते बघायचं. मी तो प्रश्न परीक्षेत सोडवलाय. आज मी नाही ठेवणार.”

माझ्या तासाला कुणी ऐकत होतं, ही बातमी मला इतक्या उशिरा कळली, आणि अशी. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला, आणि त्या अभिमानाची पुन्हा लाज वाटली. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न मी यंत्रात वाढदिवसांच्या रांगेत बसवलं होतं. आता तेच लग्न मी स्वतःच्या तोंडानं मोडीत काढत होतो, तेही दोघं परके समोर बसलेले असताना, आपण किती समंजस आहोत हे त्यांना दिसावं म्हणून.

रावसाहेब पुढे वाकले. “बाई, ह्ये डस्टरचं काय म्हनली तू? मला समजंल असं सांग.”

प्रज्ञानं सांगितलं. खडू कोणाकडे होता, ती का हटून बसली, मी काय म्हणालो, वर्ग कसा हसला. रावसाहेबांनी सगळं ऐकलं. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्या कडा नीट करत बसले.

“गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिल्ते,” ते पत्नीकडे न बघता म्हणाले. “एक दुपारचा, एक गोरजाचा. म्या दुपारचा घेतला. मान्सं उजेडी माघारी जात्यात म्हनून.”

“व्याही?” पत्नी म्हणाल्या.

“बोलतो.”

त्यांनी तिथंच, आमच्या सगळ्यांसमोर फोन लावला. व्याह्यांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. रावसाहेब फोन कानापासून थोडा लांब धरून “व्हय”, “माझंच चुकलं”, “व्हय”, “दंड काय करायचा तो करा” असं म्हणत राहिले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकणारा माणूस समोरच्या खुर्चीत मिशी चावत बसला होता. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “गोरजाचा. सूर्य मावळताना. व्हय. ठेवतो.” त्यांनी फोन खिशात टाकला आणि पत्नीला म्हणाले, “तयार झाला. रुसला, पर तयार झाला.”

आनंदनं उठून त्यांचे हात धरले. मी काहीतरी आभाराचं मोठं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात शेठ म्हणाले, “सर, ते मिशीचं...”

“कसली मिशी?” रावसाहेबांनी विचारलं.

शेठनी सगळं सांगितलं. मी म्हणालो, ते बोलण्याच्या भरात होतं. रावसाहेब पहिल्यांदाच हसले. “आमी मुहूर्त सोडला सर. तुमी मिशी सोडा.” आनंदही हसला, प्रज्ञाही, आणि आचाऱ्यानं वहीत गुलाबजाम पुन्हा लिहिले, दोन्ही जेवणांना.

त्या आठवड्यात मी यंत्र दुरुस्त केलं. दुरुस्ती इतकी छोटी होती की सांगायला लाज वाटते. कुलूप मुहूर्ताला नाही, दिवसालाच लावायचं. मग कोण कशासाठी येतंय याच्याशी कुलपाला काही घेणं नाही. प्रज्ञानं हाताची हळद लॅपटॉपला न लागू देता बोटाच्या टोकानं पडदा वर-खाली करत ती तपासली. तिनं एक गोष्ट आणखी करायला लावली. ‘लग्न’ निवडल्यावर मुहूर्त विचारायचा, पण तो नाही दिला तरी चालेल. “लग्न ते लग्न,” ती म्हणाली. ‘इतर’ मध्ये आता फक्त वाढदिवस उरले आहेत.

रविवारी सकाळी मी आरशासमोर उभा राहिलो आणि दिलेला शब्द पाळला. आई त्या वेळी कार्यालयात पोचलेली होती. मी समोर गेल्यावर तिनं “या पाव्हनं” म्हणून बसायला खुर्ची दाखवली. लग्न वेळेवर लागलं. पांढऱ्या साडीत प्रज्ञा फार छान दिसत होती, आणि आनंद रडला, ज्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. भंतेजी जेवायला बसले आणि आई वाढायला उभी राहिली. गुडघे विसरून ती एकेक पदार्थ स्वतः घेऊन येत होती. माझ्या हातातलं पातेलं तिनं काढून घेतलं, “तू सांडशील,” म्हणून.

गंमत म्हणजे रावसाहेबांच्या सोनईच्या पाहुण्यांतल्या कितीतरी जणांना बदल कळलाच नव्हता. ते टेम्पो भरून दुपारीच आले. कुणाच्याही यादीत नसलेली माणसं दारात उभी राहिली की आमच्या शास्त्रात काय म्हणतात ते आता तुम्हाला माहीत आहे. आनंदनं त्यांना सरळ पंगतीत बसवलं. मग गोरजाच्या वेळी आमचीही निम्मी माणसं थांबली. आनंद रावसाहेबांच्या पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरत होता, आणि नेवाशाचे कडक व्याही, जे प्रत्यक्षात अगदी बुटके आणि गोड बोलणारे निघाले, गुलाबजाम परत मागून घेत होते.

आई सोनईच्या बायकांत बसली होती. मी तिला घरी न्यायला गेलो तेव्हा रावसाहेबांच्या पत्नी तिला विचारत होत्या, “ह्ये तुमचं थोरलं का? काय करत्यात?”

“कालेजात कुलपं बनवायचा,” आई म्हणाली.

“चांगली असत्यात का?”

आईनं माझ्या नव्या, उघड्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. “कुलपं चांगली हायत,” ती म्हणाली. “पर दार लावताना आपली मान्सं आत आली का भायेरच हायत, त्येवढं बघायचं ऱ्हातं त्येचं.”

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. अशा वेळी करायची एक गोष्ट मला कॉलेजच्या दिवसांपासून ठाऊक होती. मी मिशीवरून हात फिरवायला गेलो, आणि तिथं धरायला काही नव्हतं.